चुड्याची भरपाई

मी एका बाईला विधवा केलं आहे. तिचा नवरा जिवंत असताना. तेही सरकारी पगारावर, भर दुपारी, साऱ्या तांड्यासमोर, छाती फुगवून. आता या वयात खोटं कशाला बोलू?

तेव्हा मी देवी टोचायच्या नोकरीत होतो. कागदावर व्हॅक्सिनेटर असं नाव होतं. लोक 'देवीचा डाक्टर' म्हणत आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास झालो होतो, त्यावर चार आठवड्यांचं शिक्षण, एक काळी पेटी, एक सायकल आणि खाकी टोपी. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कचेरीत शिक्के जुने होते, फॉर्म नवे होते, आणि मी टेंपरवारी होतो. टेंपरवारी माणसाला नियमांचं जितकं प्रेम असतं तितकं ते करणाऱ्यालाही नसेल. नियमांची छापील पुस्तिका मी शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि कोणी वाद घातला की छातीवर हात ठेवायचो.

माझं सर्कल फुलसावंगीच्या बाजूचं. त्या हिवाळ्यात जवळच्या एका खेड्यात देवीची साथ आली आणि हुकूम निघाला की लहान पोरंच नव्हे, मोठी माणसंही टोचा. म्हणून मी बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर गेलो. माझ्या आधी त्या सर्कलला एक म्हातारा टोचणारा होता. तो तांड्यावर पोरांना दंडावर टोचायचा आणि बायांना मनगटाच्या जरा वर, हातातल्या बांगड्या सरकवून. चार्ज देताना त्यानं मला सांगितलंही होतं, "बायकायच्या दंडाले हात लावू नको बाबू." मी मनात म्हटलं, म्हातारा कामचुकार दिसते. पुस्तिकेत साफ लिहिलं होतं, 'दंडावर, बाहेरच्या बाजूस.'

बंजारा बायांचे हात तुम्ही पाहिले असतील. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, त्या तर असतातच. पण लग्न झालेल्या बाईच्या कोपराच्या वरही, पार खांद्यापर्यंत, पांढऱ्या जाड बांगड्या चढवलेल्या असत. त्याला ते चुडो म्हणतात. मी तिथून दहा कोसांवर जन्मलो. दर आठवड्याला बाजारात त्या बाया पाहत मोठा झालो. त्यांच्याकडून डिंक घेतला, चारोळी घेतली, भाव करून भांडलो. पण या वरच्या बांगड्या कशासाठी, हे एकदाही विचारलं नाही. मला वाटे, शोभेच्या आहेत. हौस आहे, घालतात.

टोचून घ्यायला सगळ्यांच्या आधी एक बाई पुढे आली. असेल पस्तिशीची. थोरल्या पोरीचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. ती म्हणाली, "डाक्टर, मले पयले टोच. माह्या पोरीचं लगन हाये. त्या टायमाले मले देवी निघाली तं पोरीले वाटे कोन लावन?" आणि हसली. तिच्यामागे बाकीच्या बाया आल्या असत्या, नसत्या, पण तिनं रांग सुरू केली. उजवा हात कामाचा म्हणून तिनं डावा पुढे केला.

दंडावर जागाच नव्हती. मी चुडो जोर लावून वर सारला, दोन बोटांची जागा कोपराच्या लगत मोकळी झाली, तिथं लस ठेवली आणि टोचणी फिरवली. दंड कुठं संपतो आणि कोपर कुठं सुरू होतो हे पुस्तिकेत नव्हतं. हात सोडला तशा बांगड्या घसरून त्याच ओल्या जागेवर येऊन बसल्या. मी वहीत लिहिलं, 'दंडावर टोचले.' दुसऱ्या बायांना मात्र दंडावर टोचायचं राहिलं, कारण त्यांनी लगेच मनगट पुढे केलं आणि मीही दमलो होतो. म्हणजे नियम पाळला तो एकाच बाईवर. बाप्पा, काय माझं नशीब आणि काय तिचं!

आठव्या दिवशी टोचलेलं उमटलं की नाही ते पाहायला जावं लागे. गेलो तर तिच्या दारावर कडुनिंबाचे डहाळे. आत ती तापानं फणफणलेली. दंड सुजून भोपळा झालेला आणि पांढऱ्या बांगड्या मांसात रुतलेल्या. खालून पू येत होता. सासू उशाशी बसली होती. देवी अंगात आली, आता कोणी हात लावायचा नाही, असं तिचं म्हणणं.

आता एक खरं सांगतो, कारण पुढं मी स्वतःला बऱ्याच शिव्या देणार आहे. त्या बांगड्या काढणं जरूरच होतं. त्यात माझं चुकलं नाही. हात गेला असता, कदाचित बाईही गेली असती. चुकलं ते काढायच्या रीतीत.

मी म्हटलं, "हे आताच्या आता कापा लागते."

सासू उभी राहिली. "तिच्या धन्याले येऊ दे. तो झरी-जामणीकडं लाकडाच्या गाड्या घेऊन गेलता, चार रोजात येते. नाही तं नायकाले तरी येऊ दे, तो बाजाराले गेला." नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा.

आणि मी, खाकी टोपीतला शहाणा, म्हणालो, "बांगड्या कापाले नवऱ्याचा काय संबंध?"

हे वाक्य मी साऱ्या तांड्यासमोर म्हटलं. पुढं ते वकिलाच्या नोटिशीत जसंच्या तसं आलं. माझं एवढं एकच वाक्य आजवर कुठं उतरवलं गेलं असेल.

गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडून कानस मागवली. बाईला बाहेर उजेडात आणून खाटेवर बसवलं आणि एकेक बांगडी कानसून तोडली. पहिली तुटली तशा चार बायांनी तोंडाला पदर लावला. तिसरी तुटेपर्यंत सगळ्या रडायला लागल्या, मोठ्यानं, एका सुरात, गळ्यात गळे घालून. मला वाटलं, बिचाऱ्या सुटकेनं रडतात. मी कानस थांबवून, जरा गळा साफ करून म्हटलं, "रडू नका बायांनो, आता धोका टळला." त्यावर त्या आणखी रडल्या. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. इतका जीव लावतात लोक आपल्यावर!

आजारी बाई एकटी रडली नाही. तुटलेले तुकडे तिनं एकेक करून ओटीत गोळा केले.

जखम धुऊन, मलम लावून मी परतलो. नंतर तीनदा जाऊन पट्टी बदलली. ताप उतरला. कचेरीत मी अहवाल दिला, 'उक्त महिलेच्या दंडावरील अडथळा वेळीच दूर करून हात वाचविण्यात आला.' त्यावर शाबासकीचा शेरा यावा म्हणून रोज टपाल पाहायचो.

घरी जेवताना बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिचं माहेर तिकडचंच. तिनं वाढता वाढता पळी थांबवली. "दंडावरचा चुडो?"

"हो."

"अवो, तो नवरा मेल्यावर उतरवतेत." मग गळ्यातली पोत माझ्या ताटावर लोंबेल अशी पुढं करून म्हणाली, "आन् हे कोणी कानशीनं कापून नेलं असतं तं?"

मी वरण मागितलं. दुसरं काय करणार?

नवरा आला चार दिवसांनी म्हणता म्हणता महिन्यानं. तांड्याच्या शिवेवरच लोक त्याच्याकडे कसंनुसं पाहायला लागले. घरी आला तर बायकोचे दंड मोकळे. उजव्या दंडावरचाही चुडो सासूनं उतरवून ठेवला होता, कारण एका हातावर चुडो आणि एका हातावर नाही असं रूप कोणत्याच बाईचं नसतं. एका बाजूनं सवाष्ण आणि एका बाजूनं विधवा राहायचं तरी कसं? माणूस घरी येतो आणि स्वतःच्या मरणाची खबर बायकोच्या दंडावर पाहतो. तो म्हणे दारातच बसला आणि म्हणाला, "म्या मेलो का जिता हाव, ते तरी सांगा."

नवीन चुडो चढवायचा आणि मोकळं व्हायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण पंचायत बसली तेव्हा नायक अडला. धनी जिवंत असताना उतरलेला चुडो परत चढवायची रीतच नव्हती, कारण असं कधी झालंच नव्हतं. नुसता चढवला तर ते दुसरं लग्न ठरणार. कोणाशी? त्याच नवऱ्याशी? शेवटी ठरलं की ज्यानं तोडला त्यानं पंचायतीपुढं येऊन सांगावं, हा माझ्या चुकीनं तुटला, याचा धनी मेला म्हणून नाही. मग तोडणं रद्द, आणि चुडो परत. तोवर त्या बाईनं कोणाच्या शुभकार्यात पुढं व्हायचं नाही. पोरीच्या लग्नातही नाही. हळद दुसरीनं लावायची, सासरी पाठवताना वाटे दुसरीनं लावायचं, आईनं मागं बसायचं.

म्हणजे सारं माझ्या चार शब्दांवर आलं होतं. नायकानं दोनदा निरोप पाठवला, "डाक्टरले सांगा, येऊन बोलून जाय."

मी गेलो नाही.

का गेलो नाही, तर मी सरकारी माणूस! पंचायतीपुढं उभं राहून चूक कबूल केली आणि ते कचेरीला कळलं तर टेंपरवारी नोकरी जाणार. पहिल्या निरोपाला मी सांगितलं, तब्येत ठीक नाही. दुसऱ्या निरोपाला सायकल घेऊन आर्णीकडे पळालो, मेव्हण्याच्या घरी दोन दिवस राहिलो आणि त्याला तुरीच्या शेंगा सोलून दिल्या. साथ चालू असताना टोचणारा शेंगा सोलून राह्यला होता, ही माझी बहादुरी.

तिसऱ्या वेळी निरोप आला नाही. वकिलाची नोटीस आली.

वकील तरुण होता, नवा होता, आणि माझ्यासारखाच पुस्तकावर चालणारा होता. नवऱ्यानं त्याला चुड्याची हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला म्हणे, कायद्याला बांगड्या समजत नाहीत, हात कसा आहे ते बोल. हात आखडलाय म्हटल्यावर त्याची कळी खुलली. नोटिशीत लिहिलं होतं की दूषित लस बेपर्वाईनं टोचल्यामुळे अशिलाच्या पत्नीचा डावा हात कायमचा अधू झाला, सबब नुकसानभरपाई मिळावी, नाहीतर दिवाणी दावा लावला जाईल. शेवटी, जागा उरली म्हणून असेल, एक कलम होतं की, अशील स्वतः हयात असताना त्याचा मृत्यू झाल्याचं आपल्या नोकरानं जाहीररीत्या दर्शवलं आणि 'नवऱ्याचा काय संबंध' असे उद्गार काढले.

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, यांनी हे कलम तीन वेळा वाचलं. मग चष्मा काढला. "अबे, लस तं समजलो. पण हा मानूस मेला हाये का?"

"नाही जी."

"मंग कागद आन. हयात असल्याचा. फाइलीत पायजे."

बाप्पा! नोकरी वाचवायला मी सायकल मारत पोलीस पाटलाकडं गेलो आणि त्या नवऱ्याच्या जिवंतपणाचा दाखला मागितला. पाटलानं त्याला बोलावून समोर बसवलं. लिहिलं, 'सदर इसम आजरोजी माझ्यासमोर विडी ओढीत असून हयात आहे.' नवरा माझ्याकडे पाहत विडी ओढत होता. मला तो दाखला हातात घेताना इतकी लाज वाटली की पाटलाला रामराम करायचाही विसरलो. तरी त्याच वेळी नवऱ्याला 'चल, आता पंचायतीपुढं येतो' म्हणायचं सुचलं नाही. सुचलं होतं. जीभ उचलली नाही.

माझा खुलासा अकरा पानांचा झाला. त्यात देवी रोगाचा इतिहास होता, माझ्या मॅट्रिकचा उल्लेख होता आणि बाईचा उल्लेख पाचव्या पानावर आला. बडेबाबू म्हणाले, "हे वाचून तं मीच दावा ठोकीन."

अखेर जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांपुढं बाईची तपासणी ठरली. हात अधू आहे असं ते म्हणाले तर दावा चालणार, मी जाणार. नाही म्हणाले तर दावा संपला. तोवर चैत्र लागला होता आणि पोरीच्या लग्नाला पंधरा दिवस राहिले होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ते तिघं बसले होते. नवरा, बाई, वकील. वकिलानं बाईला शिकवून ठेवलं होतं, मला ऐकू येत होतं, "साहेब हात वर करा म्हनतीन तं अर्धाच करजो. आन् दुखते म्हनजो." बाई ओढणी तोंडावर ओढून मान हलवत होती. मी खांबाआड उभा राहून देवाला नवस बोलत होतो. कोणता देव, तेही ठरवलं नव्हतं. ज्याला ऐकू जाईल तो.

त्यांना आत बोलावलं. दार उघडंच होतं, मला खांबाआडून ऐकू येत होतं. मोठ्या डॉक्टरांना घाई होती, बाहेर रांग होती. टेबलापलीकडूनच म्हणाले, "टोचल्याची खूण दाखवा." तिनं ओढणी जराशी सारून दाखवली. "हात वर करा."

तिनं वर केला. पार डोक्यावर. वरून ओढणी पडलेलीच होती.

"दुखतो का?"

"नाही साहेब."

"काम करता येतं?"

"येते. दळतो, पानी आनतो. हात बरा हाये."

वकिलाचं तोंड उघडं राहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, काही बोलणार तेवढ्यात ती त्यांच्या बोलीत हळूच काहीतरी बोलली. एकच वाक्य. तो मागं सरकला. डॉक्टरांनी लिहिलं, अपंगत्व नाही. मी खांबाआड नसतो तर नाचलो असतो.

बाहेर आल्यावर, टोचलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, ती सरळ माझ्याशी बोलली. "डाक्टर, आता तं तुह्यावर काही नाही ना राह्यलं?"

"नाही," मी म्हटलं. दात दिसत होते माझे.

"तं मंग आता ये. मले पैशे नको, काही नको. तांड्यात येऊन चार शब्द बोल, आन् चुडो आन. कागद कराचा तं कर. लगनाच्या आंधी ये."

आता मात्र मला पळायला कारणच उरलं नाही. वकिलानं तिथंच व्हरांड्यात तडजोडीचा कागद लिहिला, तोंड कडू करून. हात पूर्ण बरा असून त्याबद्दल पुढे केव्हाही तक्रार करणार नाही. टोचणाऱ्यानं पंचायतीपुढं घडलेली चूक सांगावी. नवीन चुडो त्यानं आणून द्यावा. नवऱ्यानं अंगठा दिला, बाईनं दिला, मी झोकात सही केली. बडेबाबूंनी कागद पाहून मला चहा पाजला. मला वाटलं, किती शहाणी बाई, किती मोठ्या मनाची! आणि खाजगीत सांगतो, मला हेही वाटलं की आपली लस मुळात चांगलीच होती.

चुड्याच्या मापासाठी तिनं ते जुने तुकडे पाठवले, फडक्यात बांधलेले. ते घेऊन मी बाजार पालथा घातला. एका दुकानदारानं प्लास्टिकच्या दिल्या. नव्या निघाल्या आहेत, अगदी हस्तिदंतासारख्या दिसतात म्हणाला. मी त्या नेऊन सासूला दाखवल्या. तिनं एक उचलली, दातांनी चावली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तुह्या बायकोले घाल." शेवटी हाडाच्या बांगड्या कातणारा एक म्हातारा कारागीर सापडला. त्याच्या ओट्यावर तीन दिवस बसून, जुन्या तुकड्यांच्या मापानं, सगळ्या करून घेतल्या. तेवढे तीन दिवस मी नोकरीत सगळ्यात मन लावून काम केलं असेल.

लग्नाच्या सकाळी तांड्यावर गेलो. नायकाच्या ओट्यासमोर पंचायत बसली होती. मी भाषण पाठ करून नेलं होतं. सुरुवात केली, "मान्यवर पंचमंडळी, अनवधानाने घडलेल्या प्रकाराबाबत—"

नायक म्हणाला, "सिधं बोल गा."

मग सिधं बोललो. म्हटलं, मला चुडो काय असते ते माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. सांगत होते ते ऐकलं नाही. याचा धनी जिवंत आहे, चुडो माझ्या अकलेनं तुटला. मग खिशातून पाटलाचा दाखलाही काढून वाचला. विडीपाशी आलो तसा सारा तांडा हसला. नवराही हसला. नायकानं वळून विचारलं, "याचा धनी जिता हाये का?" सगळे ओरडले, "हाये!" झालं. चार शब्दच होते. महिनोन्महिने मी ज्यांना भिऊन सायकल पळवली ते चार शब्द बोलायला मला चिलमीचे दोन झुरके मारण्याइतकाही वेळ लागला नाही.

बायांनी तिला मध्ये बसवलं. पोर शेजारी होती, हळदीची. सासूनं तेल घेतलं. उजव्या हातावर तिचा तिचाच चुडो चढला, तेल लावून, दाबून, गाणी म्हणत. मग डावा हात पुढे आला, आणि ओढणी बाजूला झाली.

कोपर सरळ होत नव्हतं.

जखमेचा जाड, चकचकीत वण कोपराच्या वरून खालपर्यंत आला होता आणि त्यानं हात अर्ध्यात धरून ठेवला होता. खांद्यातून हात पार डोक्यावर जात होता, पण कोपरातून उघडत नव्हता. दवाखान्यात ओढणीखाली तो वाकडाच वर गेला होता. टेबलापलीकडून कोणाला दिसणार? मीही पाहिला नव्हता. मला पाहायचाच नव्हता.

बांगड्या जुन्या मापाच्या होत्या. कोपर सरळ झाल्याशिवाय त्या वर जाणं शक्य नव्हतं. सासूनं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाईनं डोळे मिटले आणि होकाराची मान डोलावली. दोघींनी खांदा धरला, सासूनं मनगट धरलं आणि ओढलं.

मला तो वण उसवताना दिसला. गाणी चालूच होती. तिनं ओठ दातात धरला आणि बांगड्या एकामागून एक रक्तावरून वर गेल्या. मी पेटी उघडून पट्टी घेऊन धावलो. तिनं उजव्या हातानं मला अडवलं.

"पट्टी बांधली तं चुडो मावत नाही."

"अगं पण हात... तू तर डॉक्टरांना..."

"कागदात लिवलं ना, हात बरा हाये? मंग बराच हाये." मग आवाज खाली आणून, जणू माझीच समजूत काढत, म्हणाली, "अधू हाये म्हनलं असतं तं तारखा पडल्या असत्या. तू आला असता का? आता गुमान बस. माह्या पोरीचं लगन हाये."

मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं ऐकलं, तेही तेव्हा.

दुपारी पोर निघाली. त्यांच्याकडे नवरी आईच्या गळ्यात पडून रडत रडत गाते. पोरीनं दोन्ही हातांनी आईला मिठी मारली. आईनं उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला. डावा तिनं पोरीपासून जरा लांब धरला होता, तिच्या ओढणीला रक्ताचा डाग लागू नये म्हणून.

मग पंगत बसली. लापशीचं भांडं डाव्या हाताच्या बेचक्यात कमरेशी दाबून ती स्वतः वाढत आली. सवाष्ण होती, तिचा मान होता. माझ्यापुढे थांबली आणि वरून तुपाची धार सोडून म्हणाली, "पोटभर जेव डाक्टर."

मी जेवलो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. तिनं आणखी घेतोस का विचारलं, तेव्हाही मी पत्रावळ पुढे केली.